बिबड्यांची पाळी

गिरणी घरघर चालू होती, पट्टा फिरत होता, वनाच्या भुवयांवर आणि मिशीवर पीठ बसलं होतं, आणि तरी वना सपनाला म्हणाला, "वहिनी, गिरनी बंद शे."

सपनानं डोक्यावरची पाटी खालीसुद्धा ठेवली नाही. पाटीत ज्वारी होती, पाण्यात भिजवून, पाणी बदलून बदलून, मग सावलीत पसरून सुकवलेली. तिचा आंबूस वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आणि त्यांची ज्वारी एकदा भिजली की भिजली. तिला थांब म्हणता येत नाही. आज भरडली नाही तर उद्या तिला बुरशी धरणार.

"बंद आहे? मग हा आवाज कशाचा येतोय वनाभाऊ, तुमच्या पोटाचा?"

मागं दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक फिसकन हसली आणि लगेच तिनं पदर तोंडात कोंबला. वनालाही हसू येत होतं, पण त्याहून जास्त घाम येत होता.

"तुमनाकरता बंद शे, वहिनी. मी काय करू? गावना ठराव शे."

"कुठल्या गावाचा?"

"आपलाच गावना," वना म्हणाला आणि खाली बघून उगीचच पट्ट्यावर हात फिरवायला लागला. फिरत्या पट्ट्यावर! बोट जाता जाता वाचलं त्याचं.

सपना तशीच पाटी घेऊन माघारी फिरली. ऊन असलं की चपलेतून चटका वर येत होता. भोणखेड्यात चैत्र संपता संपता असंच असतं, सकाळी नऊलाच पांझरेची वाळू तापते आणि कुत्री भिंतीच्या सावलीला चिकटून बसतात. वाटेत तिला तिघी-चौघी भेटल्या. तिघी-चौघींनाही नेमकं त्याच वेळी आभाळात काहीतरी बघायचं होतं.

आता हे सगळं झालं ते भटूआप्पामुळं. हा भटूआप्पा आधी नुसता भटू होता. सुरतेला गेला, काही वर्षं काढली, आणि परत आला तो पांढरेशुभ्र कपडे, काळा चष्मा आणि आवाज घेऊन. आवाज मात्र खरंच गोड होता, त्यात खोटं नाही. त्यानं "माझ्या मायबहिणींनो" म्हटलं की म्हाताऱ्या डोळे पुसायच्या, अजून त्यानं पुढचं काही म्हटलेलं नसायचं तरी. पाच वर्षांपूर्वी गावानं त्याला सरपंच केलं ते खुशीनं. त्यानं पंप दुरुस्त केला, अडल्यानडल्याला स्वतःच्या गाडीतून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, पाण्याच्या टाकीवर भोंगा लावला. मग एक दिवस म्हणाला, ग्रामसभेला उन्हातान्हात कशाला यायचं? मी मोबाईलवर ग्रुप काढतो, 'एक गाव एक आवाज', घरबसल्या ग्रामसभा! गावानं टाळ्या वाजवल्या. कुणाला आवडणार नाही? मग महिन्याभरानं कळलं की ग्रुपवर भटूआप्पाशिवाय कुणाला लिहिताच येत नाही. तो ठराव टाकणार, बाकीच्यांनी अंगठा द्यायचा, बस. बरं, अंगठा दिला नाही तर कुणाचं नाव नाही ते लगेच दिसतं. म्हणून सगळे देत सुटले.

असं चालू असताना होळीनंतर एक फोटो आला. इसाकभाईच्या बोअरचा. खाली लिहिलं होतं, 'गावाचं पाणी कोण पितंय, ओळखा.' इसाकभाई म्हणजे वेल्डिंगवाला, गावातली निम्मी फाटकं त्याच्या हातची. त्याचं घर सपनाच्या भिंतीला भिंत लागून. सपनाला ठाऊक होतं की तो बोअर केव्हाच आटलाय आणि त्याची बायको जैनबभाभी रोज दोन हंडे कमरेवर घेऊन नदीतल्या झिऱ्यावर जाते. पण ग्रुपवर कुणालाच लिहिता येत नव्हतं, तर सांगणार कसं? सपना सरळ भटूआप्पाच्या ओट्यावर गेली. म्हणाली, आप्पा, बोअर कोरडा आहे, चला, दोरी सोडून बघू, आणि तसं ग्रुपवर लिहा. भटूआप्पा इतका गोड हसला, इतका गोड! म्हणाला, "वहिनी, तुम्ही मुक्ताईनगरच्या. गावाचं गावाला कळतं."

दहा वर्षं ह्या गावात नांदून, ह्या गावच्या मातीत कापूस वेचून बोटं फाटलेल्या बाईला असं म्हणायचं असतं का? सपनाच्या डोक्यात तिडीक गेली. आणि सरपंचपद यंदा बाईला राखीव निघालं होतं. भटूआप्पानं आपल्या आईला, सुगंधाबाईला, उभं केलं आणि भोंग्यावर सांगितलं की भोणखेडं बिनविरोध होणार, निवडणूक म्हणजे भांडण, आपल्याला भांडण नको. सगळ्यांनी अंगठे दिले. सपनानं नवऱ्याच्या गाडीवर बसून तहसील गाठली आणि फॉर्म भरला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं, 'गावाच्या एकीला तडा देणाऱ्या घराशी कुणीही व्यवहार ठेवू नये.' खाली सही होती, 'गाव'. आणि त्याखाली अंगठेच अंगठे.

फॉर्म मागं घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत होती. आणि उद्याच सपनाच्या घरची बिबड्यांची पाळी.

घरी आली तर सासू, द्रौपदाबाई, दारातच उभी. तिनं पाटी तशीच बघितली. गोठ्यात गेली, तिथं जुनं जातं पालथं पडलं होतं, त्यावर कोंबड्या बसायच्या. तिनं कोंबड्या हाकलल्या आणि म्हणाली, "धर वं तठलं."

दोघींनी मिळून जातं अंगणात ओढलं, धुतलं, खुंटा ठोकला आणि समोरासमोर बसल्या. ओलसर ज्वारी जात्यात अशी काही बसते म्हणता, दगड फिरायलाच तयार नाही. पहिल्या दोन पसे ज्वारीत सपनाचे खांदे भरून आले, तळव्याला फोड आला, फोड फुटला, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटप जात्यात पडायला लागला. सासू म्हणाली, "मीठ कमी टाकना पडी मंग." आणि दोघी त्या उन्हात, त्या असल्या दिवशी, खदखदून हसल्या.

सासरा, देवचंदआबा, खाटेवर बसून बघत होता. त्याच्यासाठी मागचे काही दिवस सगळ्यात वाईट गेले होते. हा माणूस पारावर बसल्याशिवाय चहा न पचणारा. काल पारावर गेला तर एकेक करून सगळे उठले, म्हशी सोडायच्या आहेत म्हणत. ज्यांच्याकडे म्हैसच नाही तेही म्हशी सोडायला गेले. आबा एकटाच बसून राहिला, मग दगडाला पाठ टेकून त्यानं थोडा वेळ झोप लागल्याचं सोंग केलं आणि घरी आला.

"सपना बेटा," तो म्हणाला, "सोडी दे ना. आपले काय सरपंच व्हईसन इमानमा बठनं शे?"

"मामा, विमान नको हो. मला फक्त—"

"तुम्ही चूप बठा," सासू आबावर खेकसली. "दयन व्हऊ द्या पहिले." मग जात्याचा खुंटा तिनं थांबवला. घामानं तिचं कपाळ चमकत होतं. "पन तू बी आयक. सकाय चुलावर घाटा चढी. कोनीच उनं नही अन मनी ज्वार वाया गयी, ते दुपारले तू तहसीलले जाशी अन फॉर्म मांगे लिशी. मी दोन म्हातारास्ना जीव गावमा एकला टाकाव नही. कबूल?"

सपनाचा हात खुंट्यावरच होता. सासूच्या हाताच्या वरती तिचा हात. तिला वाटलं भांडावं, ओरडावं. पण सासू वाईट बोलत नव्हती, खरं बोलत होती. घाटा, म्हणजे शिजवलेली भरड, गरम असतो तेवढ्यातच थापावा लागतो, गार झाला की त्याचा दगड होतो. दोन बायांचं ते काम नाही, दहा-बारा जणींचे हात लागतात. म्हणून तर गल्लीत पाळी असते. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, तुम्ही जिच्या अंगणात राबलात ती तुमच्या अंगणात राबणार. कुणी आलं नाही तर ह्या गावात त्या घराला कुणी नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

"कबूल," ती म्हणाली आणि जातं ओढलं.

भिंतीवरून जैनबभाभीचं डोकं वर आलं. "मी सकाय येसू वं."

"नको भाभी, आधीच त्यानं तुमचा फोटो टाकलाय."

"टाकी दिना ना? मंग आखो काय टाकी? तू त्याले सांग, पुढे फोटो टाकशी ते बोअरना नको, मना टाक. हिरवी साडीवाला." आणि डोकं खाली गेलं.

पहाटे जीवननं चूल पेटवली. सपनाचा नवरा हा. नरडाण्याच्या कंपनीत कामाला, बोलायला कमी. निवडणुकीबद्दल त्यानं एवढंच म्हटलं होतं, "तू म्हणशील तसं," आणि गाडीत पेट्रोल टाकून आणलं होतं. अंगणात तीन दगड मांडून त्यानं पऱ्हाट्या लावल्या. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या तडतडायला लागल्या, वर मोठं पातेलं चढलं, पाण्याला आधण आलं. सासूनं लसूण-मिरचीचा गोळा सोडला, जिरं, तीळ, मीठ सोडलं, आणि मग भरड. एकीनं टाकायची, दुसरीनं लांब लाकडी चाटूनं घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी. वास असा सुटला की आबासुद्धा खाटेवरून उठून आला आणि उगीचच "धूर व्हयना" म्हणत पातेल्याजवळ उभा राहिला.

खाटा मांडल्या होत्या, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरली होती, फडकी भिजवून पिळून ठेवली होती. सगळं तयार. फक्त माणसं नव्हती.

तांबडं फुटलं. गल्लीतली दारं उघडली, पण अर्धीच. शेजारची कामिनी झाडू घेऊन दारात आली आणि एकच फरशी झाडत राहिली. झाडतेय, झाडतेय, त्या फरशीचा रंग जायची वेळ आली. तेवढ्यात टाकीवरचा भोंगा खरखरला.

"माझ्या मायबहिणींनो, सुप्रभात! आज आपल्या गावाच्या एकीचा दिवस आहे. आज दुपारी आपलं भोणखेडं बिनविरोध होणार! काही लोक आज तुम्हाला आपल्या अंगणात बोलावतील. त्या अंगणात जो पाय ठेवेल, त्यानं गावाच्या छातीवर पाय ठेवला असं गाव समजेल..."

जैनबभाभी आली. सरळ फाटकातून, फडकं खांद्यावर टाकून, हिरवी साडी नेसून! सपनाला हसूही आलं आणि रडूही. पण चार हात झाले, सासूचे धरून सहा. पातेल्यात घाटा रटरटत होता, बुडबुडे फुटून गरम थेंब मनगटावर उडत होते. तो आता तयार होता. थापायला घ्या नाहीतर उतरवून ठेवा.

सासूनं चाटू बाजूला ठेवला आणि सपनाकडे बघितलं. सपनानं मनात तहसीलचा जिना चढायला सुरुवातसुद्धा केली.

आणि गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी दिसली. बुटकी, कमरेत जराशी वाकलेली, काखेत बसायचा पाट, डोक्यावर ओलं फडकं. भरभर चालत येत होती. भोंग्यावर तिच्याच लेकाचा आवाज चालू होता, "...माझ्या मातोश्री सुगंधाबाई ह्या गावाच्या मातोश्री आहेत, त्यांचा प्रत्येक शब्द..." आणि त्या भोंग्याखालून ती मातोश्री स्वतः चालली होती, उलट्या दिशेला!

सुगंधाबाई फाटकातून आत आली, पाट आपटला आणि बसली.

"देखतस काय? घाटा थंडा व्हई ना!"

"अक्का, तुम्ही?" सपनाच्या तोंडून एवढंच निघालं.

"मी नही येसू ते कोन यी? सकाय मना घरनी पाळी शे. दोन पायली ज्वार भिजाडी ठेयेल शे मी. तुना आठे कोनी उनं नही, ते सकाय मना आठे कोन यी? भटू थापी का बिबडा?"

बघा म्हणजे. सगळं ठरवलं होतं भटूआप्पानं. तहसीलचा दिवस, भोंगा, ठराव, अंगठे. फक्त आज सपनाची तर उद्या पाळी कुणाची, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. बिबडे आयुष्यभर ताटात आले होते ना त्याच्या!

कामिनीनं झाडू फेकला. फेकला म्हणजे अक्षरशः, तो आबाच्या पायाशी येऊन पडला, असं सपना नंतर सांगायची. "अक्का जास ते मी बी येस," ती ओरडली आणि धावत आली. मग दारं पूर्ण उघडली. एक म्हणाली, मी राजकारणासाठी नाही आले, पाळीसाठी आले. दुसरी म्हणाली, मी तर अक्कांना बोलवायला आले होते, आता आलेच आहे तर बसते. तिसरीनं काहीच कारण दिलं नाही, हात धुतले आणि घाट्याचा गोळा उचलला.

आणि मग काम सुरू झालं! गरम गोळा ओल्या फडक्यावर, ओल्या तळव्यानं फटफटफट, भाकरीएवढा गोल, उचललं फडकं, खाटेवर पालथं, अलगद सोलून घेतलं, पुढचा. बोटं पोळत होती, फुंकर मारायची, पाण्यात बुडवायची, परत फटफट. सपना पातेल्यातून गोळे काढून देत धावत होती. एक खाट भरली, दुसरी भरली. पोरंटोरं वाट्या घेऊन जमली, त्यांना गरम घाटा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. जीवन तेलाची किटली घेऊन फिरत होता. फडक्यांच्या आवाजात बोलणंही सुरू झालं, तोंडं काय बंद राहतात?

"काय वं द्रौपदा," सुगंधाबाईनं एक बिबडा उलटा टाकत विचारलं, "भरड जाडी शे तुनी. गिरनी बदली का?"

सासूनं दोन्ही तळवे पुढं केले. फुटलेले फोड लालभडक दिसत होते. "जातावर दयी. गिरनी गावनी बंद करी आमले."

"गावनी? कोनी करा ठराव?"

फडकी एकदम जोरात आपटायला लागली.

"कामिनी, तू?"

"अक्का, मी अंगठा दिना," कामिनी म्हणाली, कानापर्यंत लाल झाली होती, "पन मले वाटनं कोनाना वाढदिवस शे."

अंगण असं हसलं की खाटेखालची कोंबडी बाहेर पळाली. मग दुसरी म्हणाली, बठ्ठास्नी दिना म्हनून मी दिना. तिसरी म्हणाली, मी पण तसाच. चौथीचा तर तिच्या नातवानं दिला होता, खेळता खेळता. सुगंधाबाईचा हात फडक्यावर थांबला. "मना मोबाईलच नही," ती हळू म्हणाली. "मना अंगठा कोनी दिना?"

ते तर सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी सांगितलं नाही.

कामिनीला आता धीर आला होता. "अक्का, तुम्ही सरपंच व्हयन्यात ते नळले पानी कव्हय यी?"

"भटूले इचार."

"भटू नही. उभ्या तुम्ही शेतस."

सुगंधाबाईनं डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं बहुतेक, की कुणी तिलाच विचारेल.

"अन तू वं?" जैनबभाभीनं मोर्चा सपनाकडे वळवला. "तू काय करशी?"

सपनानं तर रात्रंदिवस भाषण पाठ केलं होतं. हातात गरम गोळा घेऊन ती उभी राहिली. "बायांनो, लोकशाही म्हणजे—"

"ते ऱ्हाऊ दे. गटारनं सांग."

परत हशा. सपनाचं भाषण गेलं वाहून, आणि ती गटाराचं सांगायला लागली. कुठून कुठं काढायचं, कुणाच्या दारातून नको, कुणाच्या दारातून चालेल. त्यावर दोघी भांडल्या, तिसरीनं सोडवलं. कितीतरी दिवसांत गावातल्या कुठल्या गोष्टीवर कुणी मोठ्यानं भांडलं नव्हतं. सपनाला ते भांडण इतकं गोड लागलं की तिनं आणखी दोन प्रश्न मुद्दाम उकरून काढले.

तेवढ्यात भटूआप्पा आला. मागं दोन पोरं, एकाच्या हातात मोबाईल उंच धरलेला, लाइव्ह चालू. आप्पाचा चेहरा आईला बघून एकदा पडला, पण लगेच त्यानं तो सावरला. ते त्याला जमायचं.

"आई, घरी चल. गाव बघतंय."

सुगंधाबाई थापत राहिली.

मग त्यानं बायांकडे वळून आवाज लावला. तो आवाज! "माझ्या मायबहिणींनो, मी तुमच्यावर रागावू कसा? तुम्ही भोळ्या आहात. तुमच्या भोळेपणाचा कुणी फायदा घेतंय. ह्या मातीनं आपल्याला एक केलंय, आणि बाहेरून आलेले चार लोक आपल्या चुलीत भांडण घालतायत..."

आणि सपनानं बघितलं, फडक्यांची फटफट थांबली होती. खरंच थांबली होती. कामिनीचा हात हवेत, एकीनं तर पदर डोळ्याला लावला. जैनबभाभी खाली बघत होती. 'बाहेरून आलेले' म्हणताना त्यानं तिच्या हिरव्या साडीकडे बघितलं होतं. आवाज ऐकायला बरा वाटत होता, हेच तर भयंकर होतं. सपनाला स्वतःलाही एक क्षणभर वाटलं की आपण खरंच काहीतरी वाईट करतोय. पातेल्यातल्या घाट्यावर साय धरायला लागली.

"हात चालू द्या वं!" सासू कडाडली. "घाटा थंडा व्हस!"

बाया दचकल्या, आणि फटफट परत सुरू झाली. आता त्या आवाजात आप्पाचं एक वाक्य ऐकू येई, दुसरं येईना. तो मोठ्यानं बोलायला लागला, तर गोड उरलं नाही. तो म्हणाला, बिनविरोध झालं तर गावच्या प्रत्येक पोराला नरडाण्याला लावून देईन. जीवन किटली घेऊन बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "आप्पा, मी सहा वर्षांपासून जातोय तिथं. गेटवर तुमचं नाव सांगितलं तर वॉचमन म्हणतो, कोण?"

पोरं हसली. लाइव्हवालं पोरगंही हसलं, मोबाईल हलला.

"आई!" आता तो घरातल्या आवाजात ओरडला. "ऊठ तठून! गावनी ठरायं शे!"

सुगंधाबाईनं फडकं खाली ठेवलं. हाताला घाटा तसाच.

"गाव म्हंजे कोन रे, भटू? मी गावमा नही का? हाई कामिनी नही का? जैनबना सासरानी तुना बापले खांदा दिना व्हता, ती नही का? आम्ही बठ्ठ्या आठे शेतस. आम्हले कोनी इचारं नही. मंग ठरायं कोनी?"

भटूआप्पानं पोराच्या हातातला मोबाईल खाली दाबला.

"इलेक्शन व्हई," म्हातारी म्हणाली. "सपना फॉर्म मांगे लेवाव नही. मी बी लेवाव नही. मी उभी शे ते मी शे, तू नही. अन मी निवडी उनी ते ग्रामसभा लिंबखाले व्हई. मले मोबाईलमा दखात नही."

"अक्का, मनं मत तुमले!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मनं बी!"

भटूआप्पा बसायला जागा बघायला लागला. पण प्रत्येक खाटेवर बिबडे होते, ओट्यावर बिबडे होते, आबाच्या जुन्या छत्रीवरसुद्धा दोन वाळत घातले होते. "सरक रे, पाय पडी," कुणीतरी त्याला म्हणालं. तो फाटकापर्यंत गेला. तिथं वळून त्यानं एकेकीच्या तोंडाकडे बघून घेतलं, सावकाश, कुणी सुटणार नाही असं. ते सपनाला आवडलं नाही. तो काही संपलेला नव्हता. पण त्या दिवशी भोंगा परत वाजला नाही, एवढं खरं.

आणि सपना? ती पातेल्याजवळ उभी होती, आणि तिच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडत होता. कालपर्यंत तिच्यासमोर नुसतं एक नाव होतं, लेकाच्या फोटोखाली बारीक अक्षरात छापलेलं. आता समोर एक सबंध बाई बसली होती, गावभर जिची बाळंतपणं करून झालेली, बोलायला सुरी, आणि बाया तिच्याकडे बघून माना डोलवत होत्या. लिंबाखालच्या ग्रामसभेचं तर सपनाच्या स्वतःच्या भाषणात पाचव्या ओळीला होतं, आणि म्हातारीनं आधीच म्हणून टाकलं! "अरे देवा," ती जीवनच्या कानात पुटपुटली, "ही तर मला पाडेल रे." आणि तिला हसू फुटलं, थांबेचना, पोट धरून खाली बसली. जीवनला वाटलं हिला ऊन लागलं.

दुपारी तीन वाजून गेले. बाया आपापल्या घरी गेल्या होत्या, सुगंधाबाई जाताना दोनदा बजावून गेली होती, सकाय लवकर या, फडकं आपापलं आना. आबा चहा पिऊन पारावर गेला होता, बघूया कुणाच्या म्हशी उरल्यात म्हणाला. अंगणात सासू आणि सून दोघीच, बिबडे कडेनं सुटले का ते उचलून बघत होत्या. खाटांवरून तिळाचा आणि लसणाचा वास येत होता. सपनाचे हात सुजले होते, डोळे धुरानं लाल, आणि तरी तिला कसं हलकं हलकं वाटत होतं.

"आत्या," ती म्हणाली, "आता लढत जोरात होईल हो. अक्कांना बरीच मतं जातील." सासू पुढच्या खाटेकडे वळली. "घरातली तरी माझीच ना? जीवन, मामा, आणि तुमचं एक."

द्रौपदाबाईनं एक बिबडा उचलला, उन्हाकडे धरून बघितला, कच्चा वाटला म्हणून परत ठेवला.

"ते तुले कसाले सांगू?"

"म्हणजे?"

"मत गुप्त ऱ्हास," सासू म्हणाली. "तू गटारनं पुरं सांगं नही आखो. सांग मंग देखू."